हुनर आपला, बिल कुणाच्या नावावर?

साकीनाक्याहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जरीमरीच्या आसपास गल्ल्यांत शिरले, की पोटमाळ्यांवर चालणारे जरीचे कारखाने लागतात. (जरीमरी हे नाव देवीचे आहे, जरीशी त्याचा काही संबंध नाही, पण नवख्या माणसाची फसगत होते खरी.) लाकडी अड्ड्यावर कापड ताणून बांधलेले असते. दोन्ही बाजूंना मांडी घालून कारागीर बसलेले असतात. एका हातात कापडाच्या वर आरी, दुसरा हात कापडाखाली धागा धरून. दबका, सलमा, सितारा, कटोरी अशी ज्याला जे नाव आहे ते एकेका टाक्याने जागेवर बसत जाते. हेच कापड तयार झाले की रिक्षात घालून अंधेरी पश्चिमेच्या एखाद्या बुटीकमध्ये पोहोचते. तिथे त्याला लेबल लागते. लेबलवर नाव बुटीकचे असते, आणि खालच्या किमतीचा आकडा बहुतेक वेळा कारागिराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतका असतो.

याच उपनगरात तिसरेही एक चित्र आहे आणि ते आपल्या वाचकांना जास्त ओळखीचे असेल. मिल्लतनगर, जोगेश्वरी, मालवणी, कुर्ला किंवा घाटकोपरच्या एखाद्या वन रूम किचनमध्ये कॉलेजला जाणारी मुलगी रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर, काम काढून बसते. निकाहनाम्याच्या फ्रेमा, अरबी सुलेखन, क्रोशाच्या पिशव्या, रेझिनमध्ये गोठवलेली निकाहच्या हारातली फुले, मेंदीचे कोन, भरतकाम केलेले दुपट्टे. तिचे इन्स्टाग्रामवर पान असते, व्हॉट्सॲपवर ऑर्डर येतात, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तर ती झोपतच नाही. तिला आपण ‘क्रिएटिव्ह’ म्हणतो. पोटमाळ्यावरच्या माणसाला आपण ‘मजूर’ म्हणतो. त्यातही तो उत्तर प्रदेश, बिहार किंवा बंगालमधून आलेला असला तर आपल्यापैकी बरेच जण त्याला ‘भैया’ म्हणून मोकळे होतात. दोघांच्या हाताचे काम एकच आहे, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. आमच्या मते या दोघांची ओळख होणे ही या क्षणाची मोठी गरज आहे, कारण एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही.

आधी आपल्या घरातले बोलू. मराठी बोलणाऱ्या मुसलमानांची आडनावे एकदा शांतपणे वाचून पाहा. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारे. पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारे. पटवेगार रेशमाचे गोंडे-गाठी करणारे, मणियार बांगड्यांचे, मोमीन मागावरचे, अत्तार सुगंधाचे. शाळेच्या हजेरीपटावर ही नावे रोज वाचली जातात आणि ती एका हुनराची पाटी आहेत हे आपण विसरून गेलो आहोत. विसरलो म्हणणेही पूर्ण खरे नाही, काही घरांत ती मुद्दाम पुसली गेली. मुलगा बँकेत लागला की आजोबा काय करायचे हे सांगायचे नाही, असा एक अलिखित नियम होता. मुस्लिम ओबीसी चळवळीने जेव्हा या व्यावसायिक जाती सरकारच्या यादीत आणण्यासाठी झगडा दिला, तेव्हा तिच्या कार्यकर्त्यांना पहिला विरोध सरकारकडून नाही, आपल्याच प्रतिष्ठित मंडळींकडून झाला. इस्लाममध्ये जात नाही, मग हे कशाला, असे विचारले गेले. धर्मात जात नाही हे खरेच आहे. पण हाताने काम करणाऱ्याला खालच्या पायरीवर बसवण्याची सवय आपल्यात आहे, हेही तितकेच खरे आहे.

ही सवय आपल्या दीनने दिलेली नाही. कुरआनमध्ये हजरत दाऊद यांच्या हातात लोखंड मऊ केल्याचा उल्लेख येतो आणि त्याला लागूनच चिलखताच्या कड्या नीट मापाने जोडण्याची सूचना येते. कारागिरीतले माप हा तिथे अल्लाहच्या आदेशाचा भाग आहे. स्वतःच्या हाताच्या कमाईपेक्षा चांगले अन्न कुणी खाल्ले नाही, आणि दाऊद असेच कमावून खात, या अर्थाची हदीस बुखारीत आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत जैनब बिन्त जहश स्वतः चामडे कमावत, शिवत आणि त्या कमाईतून दानधर्म करत. आपल्या जलशांत हजरत खदीजांच्या व्यापाराचे दाखले उदंड मिळतात. जैनब यांच्या हातांचा उल्लेख मात्र क्वचितच ऐकू येतो. व्यापारी व्हावेसे सगळ्यांना वाटते, चामड्याचा वास कुणालाच नको असतो.

आता हिशोब. वर ज्या मुलीचा उल्लेख केला, तिची क्रोशाची पिशवी समजा साडेसहाशे रुपयांना गेली. लोकर दोनशेची, अस्तर आणि चेन पन्नासची, खोका आणि कागद वीसचा. उरले तीनशे ऐंशी. विणायला साडेनऊ तास लागले. म्हणजे तासाला चाळीस रुपये. मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे. तिच्या एका तासाच्या मेहनतीत रिक्षाने जाऊन परत येणेही होत नाही. तिला हे माहीत नसते, कारण तिने तास मोजलेलेच नसतात. ती किंमत ठरवते ती दुसऱ्या पानावरच्या मुलीची किंमत बघून, आणि त्या मुलीने ती ठरवलेली असते तिसरीची बघून. मग कुणी मावशी येऊन म्हणते, एवढी महाग? घरीच तर करतेस. आणि ती आणखी पन्नास कमी करते.

अशा वेळी तिने पोटमाळ्यावरच्या चाचांकडे जाऊन बसावे. जरीच्या कारखान्यात कामाचे माप ‘नफरी’त होते. एक नफरी म्हणजे साधारण आठ तासांची एक पाळी. दिवसाची पाळी झाली की एक नफरी, रात्री पुढे बसले तर दीड किंवा दोन. मालकाकडे नवे डिझाइन आले की उस्ताद आधी खाका बघतो, टाके कुठले लागणार ते बघतो आणि सांगतो, यात इतक्या नफऱ्या जातील. भाव तिथून सुरू होतो. नफरीचा दर कमी आहे, तो वेळेवर मिळत नाही, हे सगळे रडगाणे खरे आहे. पण वेळ हीच कारागिराची मूळ भांडवली वस्तू आहे आणि ती मोजायची असते, हे शहाणपण त्या अड्ड्यावर पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. आपल्या इन्स्टाग्रामवरच्या मुली हिशोबाची एवढी एक वही ठेवायला लागल्या, तरी अनेकींना कळेल की आपण जे सगळ्यात जास्त विकतो आहोत त्यातच सगळ्यात जास्त तोटा आहे. कुठली वस्तू बंद करायची, कुठली वाढवायची, हे मग आपोआप दिसते.

उलट दिशेनेही शिकण्यासारखे आहे. त्या मुलीला फोटो काढता येतो, ग्राहकाशी थेट बोलता येते, बिल बनवता येते. चाचांना ते येत नाही. तीस वर्षे काम करून त्यांच्याकडे स्वतःच्या कामाचा एक फोटो नसतो, एक चिठ्ठी नसते. ठेकेदाराच्या वहीत त्यांचे नाव असते, तेही बऱ्याचदा टोपणनाव. या कागदाच्या अभावी किती दरवाजे बंद राहतात, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

उदाहरण घ्या. सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठीचा २००६ चा केंद्रीय कायदा सांगतो की नोंदणी असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने करारात ठरल्याप्रमाणे, पण कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. करार लेखी नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर तक्रार करायला सरकारचे ‘समाधान’ पोर्टल आहे. एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही बदल झाला आहे. असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर मोठ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या हिशोबात दाखवता येत नाही. म्हणजे सहा-सहा महिने बिल अडकवणाऱ्या फॅशनच्या दुकानदाराविरुद्ध हे खरोखरचे हत्यार आहे. पण ते चालवायला दोन गोष्टी लागतात. एक, उद्यम नोंदणी. ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणारा एजंट खोटे बोलतो आहे असे समजावे. दुसरी गोष्ट म्हणजे कारागिराने किंवा कारखान्याने स्वतःच्या नावाने दिलेले बिल. सूक्ष्म उद्योगांना मार्गदर्शन करणारे केंद्र सरकारचे कार्यालय याच साकीनाक्याच्या रस्त्यावर, कुर्ला-अंधेरी रोडवर आहे. कारखान्यापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तरी पोटमाळ्यावरच्या किती जणांनी त्याची पायरी चढली असेल, हा प्रश्न आहे.

योजनांबद्दल आपल्याकडे दोनच टोकाची मते असतात. एक म्हणतो सगळे आपल्यासाठी आहे, फक्त अर्ज करा. दुसरा म्हणतो आपल्याला काहीच मिळणार नाही. दोन्ही आळशी मते आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना बघा. पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर आणि पुढे पाच टक्के दराने कर्ज, पहिल्यांदा एक लाखापर्यंत. योजना वाईट नाही. पण तिच्यातल्या १८ व्यवसायांची यादी वाचली की लोहार, सुतार, कुंभार, चांभार, शिंपी, हार बनवणारे, न्हावी, धोबी, जाळी विणणारे सापडतात. जरदोजी किंवा आरीकाम करणारा वेगळा सापडत नाही. मुंबईत हजारो हात ज्या कामात गुंतले आहेत ते यादीतून सुटले आहे. ते घालून घ्या, अशी मागणी आपल्या चळवळीने लेखी स्वरूपात करायला हवी आणि ती एकट्या मुसलमानांची मागणी नाही, कारण अड्ड्यावर बसणारे सगळे मुसलमान नाहीत.

यादीत नाही म्हणून हात झटकायचेही कारण नाही. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विभागाचे ‘पहचान’ ओळखपत्र जरी आणि भरतकामाच्या कारागिरांनाही मिळते. सरकारी प्रदर्शनांत गाळा मिळवायला आणि इतर सवलतींना तेच लागते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक आणि महिला विशेष गटात धरले जातात. शहरात प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचे फक्त पाच टक्के घालावे लागतात. तो कार्यक्रम देशभर चालवणाऱ्या खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय विलेपार्ल्याला इर्ल्यात आहे. त्याच आयोगाची प्रशिक्षण संस्था बोरिवलीला शिंपोलीत आहे, जिला सगळे कोरा केंद्र म्हणून ओळखतात. ओळखतात ते मैदानावरच्या नवरात्रीच्या गरब्यामुळे. आत ग्रामोद्योगाचे वर्ग चालतात, हे बोरिवलीकरांनाही सांगावे लागते.

ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट आणखी. जीएसटी क्रमांकाशिवाय मोठ्या वेबसाइटवर विकता येत नाही, असे समजून अनेक जणी मागे फिरतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा नियम सैल झाला आहे. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि विक्री आपल्याच राज्यात असेल, तर साधी नावनोंदणी करून वेबसाइटमार्फत माल विकता येतो. महाराष्ट्रात वस्तूंसाठी ही मर्यादा ४० लाखांची आहे. आपल्यापैकी कुणाची उलाढाल ४० लाखांच्या वर असेल तर तिने आम्हाला जरूर कळवावे, आम्ही मुलाखत घ्यायला येऊ.

कर्ज आणि अनुदान एकत्र येते तिथे आपल्या अनेक तरुणांचे पाऊल थांबते, कारण व्याज. हा प्रश्न त्यांच्या ईमानाचा आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाही. पण मग त्याला पर्याय देण्याची जबाबदारी कुणाची? कोकणी मुसलमानांपैकी बहुतेक शाफई आहेत. शाफई फिकहचे थोर इमाम नववी यांनी सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की ज्याला एखादा हुनर येतो त्याला जकातीतून त्याच्या धंद्याची अवजारे घेता येतील इतके द्यावे, ज्यामुळे तो पुन्हा मागायला येणार नाही. आपण करतो काय? रमजानमध्ये रेशनचे किट वाटतो, तेही फोटोसह. ज्यांना जास्त उत्साह असतो ते शिलाई मशीन वाटतात. मशीन वाईट नाही, पण ऑर्डरशिवायचे मशीन दोन महिन्यांत कपड्यांचा ढीग ठेवायची जागा होते, हे मशीन वाटणाऱ्यांनी नंतर कधी जाऊन पाहिले असते तर कळले असते. ज्या मुलीकडे ऑर्डर आहे पण कच्चा माल घ्यायला दहा हजार नाहीत, तिला तीन महिन्यांसाठी कर्ज-ए-हसना देणे मशिदीच्या बैतुलमालला अवघड नाही. अंधेरी ते मुलुंड एवढ्या पट्ट्यात आपल्या मशिदी आणि जमातखाने काही कमी नाहीत.

पैशाचा विषय निघालाच आहे तर घरातला एक प्रश्न टाळून चालणार नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले होते की काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रिया घरातच काम करतात, सगळ्या समाजांचे मिळून हे प्रमाण ५१ टक्के होते. म्हणजे घर हाच आपल्या बहिणींचा कारखाना आहे. टिकल्या चिकटवणे, धागे कापणे, मणी ओवणे ही कामे नगावर होतात आणि माल देणारा-नेणारा एकच मध्यस्थ असतो. त्याच्या हातात दर असतो. आता ज्या मुली स्वतःचा माल स्वतः विकतात, त्यांच्याकडे बघून आपल्याला आनंद होतो. पण ग्राहकाने पैसे पाठवायला क्यूआर मागितला की तो कुणाचा पाठवला जातो? पुष्कळदा भावाचा, नवऱ्याचा किंवा अब्बांचा. माल हिचा, रात्रीची जागरणे हिची आणि खाते दुसऱ्याचे. स्त्रीच्या कमाईवर स्त्रीचाच हक्क आहे हे कुरआनमध्ये स्पष्ट आहे. शरीयतच्या नावाने तावातावाने बोलणाऱ्या भावांनी हा हक्क आपल्या घरापासून अमलात आणावा. स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि स्वतःच्या नावाचा क्यूआर, ही पहिली पायरी आहे. उद्यम नोंदणी, पहचान, कर्ज, अनुदान हे सगळे त्याच्या नंतर येते, कारण तिथे सगळीकडे अर्जदाराचे खाते विचारतात.

नावाची किंमत काय असते, हे बघायला मिरजेला जावे. तिथल्या शिकलगार कुटुंबांचा मूळ धंदा हत्यारांचा. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम आटले तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या आणि पुढे त्यांच्या घराण्याला सतारमेकर हेच आडनाव चिकटले. मंगळवेढा-पंढरपूरकडचे भोपळे, मिरजेचे हात आणि उस्ताद अब्दुल करीम खाँसारखे गवय्ये त्याच गावात, असा तो योग होता. देशभरातल्या गायकांच्या मागे जो तंबोरा वाजतो, तो बनवणारे बहुसंख्य मराठी बोलणारे मुसलमान आहेत, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता दुसरीकडे बनवलेल्या वाद्याला मिरजेचे म्हणून विकणे बेकायदा आहे. पण यातही एक मेख आहे. मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक कारागिराला ते आपोआप वापरता येते असे नाही. त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःचे नाव नोंदवावे लागते. पुन्हा नाव, पुन्हा कागद.

कोल्हापुरी चपलेने हाच धडा आणखी मोठ्याने दिला. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नाव घेतले नाही. आपल्याकडे गदारोळ झाला, मग कंपनीने मूळ मान्य केले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली. कारण साधे होते. मानांकनाची मालकी ज्यांच्या नावावर नोंदलेली आहे त्यांनी यावे, तुम्ही कोण? मालकी होती महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांची, लिडकॉम आणि लिडकरची. वर्षाअखेर प्राडाने करार केला तोही त्यांच्याशीच. भावना कितीही खऱ्या असल्या तरी कोर्टात आणि कराराच्या टेबलावर नोंदीतले नाव बोलते.

मुंबईच्या भरतकामालाही जगाने पाहिले आहे. ३० मार्च २०२३ ला डिओर या फ्रेंच कंपनीने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला. त्यातले भरतकाम मुंबईच्या चाणक्य या संस्थेने केले होते आणि डिओरने तिचे श्रेय उघडपणे दिले. चाणक्यने कारागिरीची शाळा काढून स्त्रियांना शिकवायला घेतले ही गोष्ट आम्हाला त्या शोपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण अड्ड्यावर बसणे हे परंपरेने पुरुषांचेच काम होते. तरीही श्रेय संस्थेच्या दारापर्यंत येऊन थांबते. टाका घातला कुणी, ते नाव पुढे येत नाही.

ते नाव पुढे आणण्याचा एक मार्ग आपल्या शेजारीच आहे. विद्याविहारच्या सोमय्या संकुलात घाटकोपर-कुर्ल्याची आपली शेकडो मुले बीकॉम, बीएस्सी करतात. त्याच सोमय्या ट्रस्टने २०१४ मध्ये कच्छमध्ये सोमय्या कला विद्या ही शाळा सुरू केली. तिथे विद्यार्थी म्हणून येतात ते पिढीजात कारागीर. विणकर येतात, बांधणीवाले येतात, अजरख छापणारे खत्री येतात. छापायचे कसे हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. ते शिकतात रंगसंगती, बाजार, स्वतःचे कलेक्शन मांडणे आणि स्वतःची किंमत सांगणे. शिकून बाहेर पडलेला कारागीर स्वतःच्या नावाने माल विकतो. आपल्या जरीमरीच्या किंवा गोवंडीच्या उस्तादाला असा वर्ग का मिळू नये? जागा कच्छमध्ये नको, विद्याविहारला चालेल. हा प्रश्न घेऊन आमचे प्रतिनिधी संबंधितांना भेटणार आहेत. उत्तर काय मिळते ते वाचकांना कळवू.

शेवटी एक कटू गोष्ट, जी लिहिताना आम्हालाही बरे वाटत नाही. कारागिराचे शोषण करणारा दरवेळी परका शेठ नसतो. ठेकेदार आपला असतो, कारखानदार आपला असतो, जुम्म्याला पहिल्या सफेत असतो. मजुराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्या, ही हदीस त्याला पाठ असते आणि हिशोब मात्र तो ईदनंतर करू म्हणतो. २००५ मध्ये मुंबईच्या जरी कारखान्यांवर मोठ्या धाडी पडल्या आणि कितीतरी मुले सोडवली गेली. दहा-बारा वर्षांची, गावाहून आणलेली, अड्ड्याखालीच झोपणारी मुले. तेव्हा आपल्यातल्या काहींनी याला समाजाविरुद्धचा कट म्हटले. जरीकाम कायद्याने मुलांसाठी धोकादायक ठरवलेले आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कारखान्यात लावणे गुन्हा आहे. हुनर लहान वयात शिकावा लागतो, हा बचाव आम्हाला मान्य नाही. शाळा सुटल्यावर बापाशेजारी बसून टाका शिकणे वेगळे आणि दुसऱ्याच्या कारखान्यात नफरी भरणे वेगळे. आपल्या कारागिरीचा अभिमान मिरवायचा असेल तर अड्ड्याखाली कोण झोपले आहे, हे आधी वाकून बघावे लागेल.

पुढच्या अंकापासून आम्ही एक सदर सुरू करत आहोत. उपनगरातल्या हाताने काम करणाऱ्यांची माहिती मराठी आणि उर्दूत दिली जाईल. छायाचित्राखाली आधी कारागिराचे नाव येईल, मग वस्तूचे, मग लागलेले तास आणि किंमत. बुटीक किंवा ठेकेदार असेल तर त्याचे नाव त्यानंतर. ज्यांना नाव छापायचे नाही त्यांची वस्तूही छापणार नाही, कारण मग सदराला अर्थ उरत नाही. माहिती पाठवताना क्यूआर कोड पाठवावा लागेल आणि तो वस्तू बनवणाऱ्याच्याच नावाचा असावा लागेल. ज्या बहिणींचे खाते अजून नाही त्यांनी तसे कळवावे. खाते उघडायला आणि उद्यम नोंदणी करायला आमचे कार्यकर्ते शनिवारी दुपारी त्यांच्या वस्तीत येतील.